आज सात नंबरला कोण?

पाळकसाहेब पुलपिटावरून सांगतात, "रोज सकाळी उठल्या उठल्या, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, अर्धा तास प्रभूसाठी काढा." तेव्हा मागच्या बाकावरच्या नर्सा एकमेकींकडे बघतात. मागच्या बाकावर अशा दोघी-तिघी असतातच. मिरजेच्या दवाखान्यांनी आमच्या भागातल्या ख्रिस्ती मुलींच्या कितीतरी पिढ्यांना काम दिलं. त्यामुळे उपासनेत पेंगणारी बाई दिसली की समजावं, कालची नाइट होती. त्या बाकावरची एक सकाळी नऊला झोपणार असते. एक दुपारच्या पाळीला निघणार असते. आणि जिची सकाळ खरोखर सकाळीच होते, ती अंधारात डबा भरून स्टेशनकडे धावत असते. अर्धा तास काढायचा तर कुठून?

मीही त्याच बाकावरची. हातकणंगल्याहून मिरजेला जाऊन-येऊन नर्सची नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. मंडळीतल्या बायकांच्या सभेत मला हल्ली याच विषयावर उभं करतात: ख्रिस्ती माणसाचं अंतःकरण रोजच्या रोज ताजं कसं राहावं. धर्मशास्त्र मी शिकलेले नाही. जे कळलं ते वॉर्डात, पॅसेंजरच्या डब्यात आणि सासूबाईंच्या चुलीपाशी. माझ्या आधी बोललेल्या बाईंनी बहुतेक पाच मुद्दे सांगितलेले असतात, शांत जागा, ठरलेली वेळ, वही, पेन असे. मी उठते तेव्हा माझ्याकडे मुद्दा नसतो, एका खाटेची गोष्ट असते. ती सांगण्याआधी थोडं गावाबद्दल सांगायला हवं.

हातकणंगले तालुक्याचं गाव आहे, पण आमच्या स्टेशनवर गर्दी असते ती इचलकरंजीची. इचलकरंजीत रेल्वे नाही. सुताचे व्यापारी, मागावरचे कामगार, सायझिंगची माणसं गाडीसाठी इथंच येतात. मिरजेकडे जाताना निमशिरगाव-तमदलगे, मग जयसिंगपूर, मग अंकलीजवळ कृष्णेचा पूल, की आलीच मिरज. या प्रवासात मी बायबल उघडून वाचलं असं फारसं झालं नाही. दिवे मंद, बसायला जागा नाही, हातात डबा. पाठ असलेली स्तोत्रं तेवढी मनातल्या मनात म्हणायची. 121 वं स्तोत्र तर प्रवाशांचंच, लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं. पूल येईपर्यंत ते संपायचं आणि पुलावर मी बहुधा झोपलेली असायची.

आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं मोजकीच. पहाटे पहिली जाग मशिदीच्या बांगेनं. कार्तिक असला तर विठ्ठलाच्या देवळातली काकड आरती. मग शेजारच्या जैन काकी अंघोळ करून बस्तीला निघायच्या. दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही आणि दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा त्यांचा नेम मी नवी नवरी म्हणून या गल्लीत आले तेव्हापासून बघत होते. आम्ही प्रोटेस्टंट. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं की तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही, नेमधर्मानं तर नाहीच. ते मला आजही मान्य आहे. पण कृपेच्या नावाखाली आमच्या घराघरांत आळस किती खपतो हेही मी बघितलंय. एकदा नाइट करून परतताना काकी बस्तीतून येताना भेटल्या. मी सहज विचारलं, काकी, रोज मन लागतं का हो? काकी म्हणाल्या, "मन रोज कुटलं लागतंय, सिस्टर? पाय लागत्यात, तेवढं बास."

या वाक्यावर मी पुढं बरीच वर्षं घालवली.

माझ्या सासूबाईंची आई कोडोलीच्या बाजूला बायबलबाई होती. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली आले, पुढं ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि कोडोलीसारख्या गावांत शाळा, दवाखाना, मंडळी उभी राहिली. हा इतिहास सांगताना साहेबांची नावं येतात, फोटो लागतात. बायबलबायांचे फोटो नाहीत. या बाया स्वतः मोठेपणी अक्षरं शिकल्या आणि गावोगाव पायी हिंडून दुसऱ्या बायांना वाचून दाखवू लागल्या. घरोघरी बसायचं, भांडी घासणाऱ्या बाईशेजारी बसून गोष्ट सांगायची, बाळंतिणीसाठी प्रार्थना करायची. सासूबाईंना आईकडून वारसा मिळाला तो एवढाच: माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. "देवा, सगळ्या जगाचं भलं कर" अशी प्रार्थना त्यांना मुळीच खपायची नाही. त्या म्हणायच्या, जगाचं भलं करायला देव बसलाय, तुला कोण दिसलं आज ते सांग.

कौटुंबिक प्रार्थना रात्रीच्या जेवणानंतर व्हायची. उपासना-संगीतातलं एक गीत, बहुतेक वेळा ना. वा. टिळकांचं. एक अध्याय. मग सासूबाईंची प्रार्थना, आणि ती लांब. त्यात ऊसतोड यायची, म्हैस यायची, कारखान्यात काट्यावर नोकरी करणारा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, यायचा. नवी नवरी असताना मला ती प्रार्थना म्हणजे वाणसामानाची यादी वाटायची, आणि सकाळची ड्युटी असेल तर मी एका डोळ्यानं घड्याळ बघायची.

मिशनच्या दवाखान्यांत सकाळी कामाआधी उपासना आणि ऑपरेशनआधी प्रार्थना हा जुना शिरस्ता. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं, तेव्हापासून या शहरात औषध आणि प्रार्थना शेजारी शेजारी नांदत आल्या. मी ट्रेनिंगला होते तिथंही सकाळची उपासना सक्तीची होती, हजेरीसकट. आम्ही मुली गीत म्हणता म्हणता एकमेकींच्या टोप्या सरळ करायचो. सक्तीची प्रार्थना खोटी असते, असं तेव्हा आम्ही वसतिगृहात तावातावानं बोलायचो. आता तसं वाटत नाही. पाठांतर तिथलंच आहे, आणि पुढं वाईट दिवस आले तेव्हा मला स्वतःचा एक शब्द सुचला नाही, तिथं सक्तीनं पाठ केलेलंच उपयोगी पडलं.

तर ती खाट. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात होते. एका रात्री प्रार्थनेआधी सासूबाईंनी विचारलं, "आज दवाखान्यात कोण हाय?" मी म्हटलं, पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, आई. ट्रेनिंगमध्ये ते घोटून घेतलेलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "नाव नगो. खाट सांग." मी सांगितलं, सात नंबर. एक तरुण मुलगा होता, विषमज्वर बिघडलेला. सासूबाईंनी डोळे मिटले आणि देवाला सांगितलं, सात नंबरच्या खाटेवरच्या लेकराकडं बघ. मुलगा बरा होऊन घरी गेला. मला वाटलं विषय संपला. पण दुसऱ्या आठवड्यात त्या परत विचारतात, "आज सात नंबरला कोण?"

सात नंबरला तेव्हा एक म्हातारा होता. दम्याचा. नातेवाईक यायचे नाहीत, आणि तो इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येकीला शिव्या घालायचा. वॉर्डातल्या मावशीसुद्धा त्याच्या खाटेवरची चादर शेवटी बदलायच्या. मी सासूबाईंना म्हटलं, आहे एक म्हातारा, शिव्या देतो. त्या म्हणाल्या, "मग छातीत दम हाय अजून. कुटल्या गावचा? घरात कोण? जेवतो का?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. त्याचा बीपी माहीत होता, नाडी माहीत होती, किती लघवी झाली ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाव विचारलं. भक्तीचा उमाळा वगैरे काही नाही, रात्री घरी विचारणार होत्या म्हणून. आधी शिवी दिली, मग गाव सांगितलं. आमच्याच तालुक्यातलं निघालं. मुलगा मागावर, सून आजारी, म्हणून कोणी येत नव्हतं. रात्री मी ते सांगितलं आणि सासूबाईंच्या यादीत मागावरचा मुलगा आणि आजारी सूनही गेली. म्हातारा काही संत झाला नाही. शिव्या चालूच राहिल्या. पण मी खाटेजवळ जाताना आधीसारखी मान फिरवत नव्हते, हे माझं मलाच जाणवलं.

पुढं वॉर्ड बदलले, दवाखानाही बदलला, पण सात नंबरचा प्रश्न आमच्या घरात कायम झाला. कधी सात, कधी अकरा, कधी कोपऱ्यातला पाळणा. रोज रात्री कोणीतरी मला विचारणार आहे, म्हणून रोज दिवसा मला कोणाकडे तरी नीट बघावं लागतंय, ही गोष्ट हळूहळू अंगवळणी पडली. बायकांच्या सभेत मी हेच सांगते आणि काहींची निराशा होते. त्यांना अंतरात काहीतरी पेटल्याचा अनुभव ऐकायचा असतो. मला तो फारसा नाही. माझ्यात जे रोज नवं होत गेलं ते बघणं. भावना आल्या तर त्याच्या मागून आल्या.

पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात एक वाक्य आहे. देह झिजत जातो आणि आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत जातो, असा त्याचा आशय. पुलपिटावर त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागावर बोलतात. नर्सला पहिला अर्धा भाग आधी दिसतो. देह झिजतो म्हणजे काय, ते आम्ही रोज पुसतो, धुतो, बांधतो. पक्षाघातानं पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर आधी लाली येते, मग कातडी सुटते, मग खड्डा पडतो. वळवल्यानं पक्षाघात बरा होत नाही. पेशंटला त्यात आनंद नसतो, उलट तो कण्हतो. कोणी त्याबद्दल आभार मानत नाही, डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद नसते. पण एक पाळी कोणी टाळली की दुसऱ्या दिवशी दिसतं. आमची रात्रीची प्रार्थना मला बरीचशी तशीच वाटत आली आहे. तिनं मी कधी झळाळून उठले नाही. चार दिवस चुकली की मात्र वॉर्डात माझ्या आवाजाला धार यायची, आणि ती मावशींना माझ्या आधी कळायची.

मग जळीत वॉर्ड आला. त्या वर्षांबद्दल मी सभेत फार बोलत नाही, इथं थोडं लिहिते. विशीतल्या मुली यायच्या. जबाबात बहुतेक वेळा स्टोव्हचा भडका. नवरा बाहेर व्हरांड्यात उभा, सासू पायरीवर, आणि आत मुलगी पोलिसाला सांगतेय की माझ्या हातूनच झालं. आम्हाला ड्रेसिंग करताना दिसायचं की जखमा कुठून सुरू झाल्यात. सगळ्याच खोट्या बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. कित्येक मात्र मागं राहिलेल्या लेकरांसाठी बोलत होत्या. अशा मुली चौथ्या-पाचव्या दिवशी जायच्या, आणि खाटेवर नवी चादर पडायची.

त्या काळात रात्री सासूबाईंनी "आज कोण?" विचारलं की माझ्या अंगावर काटा यायचा. एका रात्री मी म्हटलं, आई, खाट विचारू नका. मला प्रार्थना होत नाही. मला वाटलं होतं त्या समजूत घालतील, विश्वास ठेव म्हणतील. त्यांनी चष्मा लावला, स्तोत्रसंहिता उघडली आणि 88 वं स्तोत्र काढलं. म्हणाल्या, "हे वाचूया. ह्यात शेवटाला उजाडत न्हाई." खरंच उजाडत नाही. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळतात, देवाची स्तुती करतात. हे वळत नाही, अंधाराशीच थांबतं. मी इतकी वर्षं ख्रिस्ती असून ते कधी धड वाचलं नव्हतं. पुढं किती महिने आमच्या घरात तेच चाललं कोण जाणे. नवरा कंटाळला, म्हणाला दुसरं काही नाही का पुस्तकात? सासूबाई म्हणाल्या, "तुला कटाळा आला तर तू नगो वाचू. ती वाचतीया."

माझ्या समजुतीतला मोठा बदल इथंच झाला. तोवर मला वाटायचं की ताजं होणं म्हणजे बरं वाटणं. त्या महिन्यांत मला एक दिवसही बरं वाटलं नाही, तरी मी रोज गाडी पकडत होते, ड्रेसिंग करत होते, आणि मुलींशी बोलत होते. उधारीचे शब्द तोंडात होते आणि त्यांच्यावर काम चाललं होतं. रागसुद्धा देवासमोर ठेवायची जागा त्या पुस्तकातच आहे, हे कळल्यावर राग घेऊन दुसरीकडे जायची गरज उरली नाही.

त्याच सुमारास एक उज्जीवन सभा झाली, मोठा मंडप, कीबोर्ड, बाहेरगावचे वक्ते. मैत्रिणी घेऊन गेल्या. मी रडले, हात वर केले, हलकं हलकं वाटून घरी आले. गुरुवारपर्यंत टिकलं. अशा सभा वाईट असतात असं नाही, मला त्यातून गाणी मिळाली. पण तिथं 'पेटलेल्या' माणसांना दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कोणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठं उज्जीवन झालं. त्याची चर्चा परदेशातही पोचली, आणि आमचे वक्ते ते उदाहरण हटकून देतात: मुली कशा रडल्या, कशा रात्रभर प्रार्थना करत बसल्या. पण उज्जीवन सुरू होण्याच्या आधी कित्येक महिने तिथं रोजची प्रार्थनासभा चालू होती, आणि नंतर रमाबाई वर्षानुवर्षं मेजाशी बसून बायबलचं भाषांतर करत राहिल्या, हे कोणी सांगत नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, शाळा न पाहिलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. 1922 साली वारल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. पूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. एका रात्रीचा अग्नी आणि त्यानंतरची ती सगळी वर्षं प्रुफं तपासणं, यातलं आत्म्याचं काम कुठलं, असं मला विचारलं तर मी प्रुफांकडे बोट दाखवेन. पाळकसाहेबांना हे पटत नाही. ते म्हणतात दोन्ही हवं. असेल.

सासूबाई गेल्या त्या झोपेत, फार हाल न होता. त्यांच्या पश्चात प्रार्थना घरात चालू राहिली, पण प्रश्न बंद झाला. नवरा तोंडानं प्रार्थना करणारातला नव्हता. आमेन म्हणायचा आणि दिवा घालवायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याचा प्रार्थनेतला आवाज ऐकला नव्हता.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली, पंचगंगेनं इकडं शिरोळ-इचलकरंजीची दैना केली, रस्ते बुडाले, गाड्या थांबल्या. मी ड्युटीला गेलेली तिथंच अडकले. ज्या नर्सा दवाखान्यात होत्या त्यांनीच आलटून पालटून पाळ्या केल्या, झोपलो ते स्टोअररूममध्ये गाद्या टाकून. पुरातून आणलेली माणसं, साप चावलेले, औषधाच्या गोळ्या वाहून गेलेले डायबेटिसचे म्हातारे. सकाळची उपासना वगैरे कसली, तोंड धुवायला वेळ नव्हता. एका पहाटे कॉरिडॉरमध्ये एक पेशंट, माळकरी, खाटेवर उठून बसून तुकोबांचे अभंग म्हणत होता. आम्ही दोघी ख्रिस्ती नर्सा सलाईन बदलता बदलता ऐकत थांबलो. टिळकही ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्याच वाटेनं आले असं स्वतः मानत. त्या पहाटे आमची उपासना ती झाली म्हणायला मला संकोच वाटत नाही.

रात्री नवऱ्याचा फोन यायचा. रेंज तुटत होती. घरात पाणी आलं नाही, म्हैस वरच्या गोठ्यात नेली, काकींच्या घरी चूल पेटलीय, एवढं सांगून झालं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. तेवढ्यात तो म्हणाला, "सात नंबरला कोण हाय?" मी सांगितलं, शिरोळकडची बाई आहे, दोन शेरडं वाहून गेली म्हणून रडतेय. त्यानं फोनवर प्रार्थना केली. दोनच वाक्यं असतील, त्यात शेरडं होती. मध्येच रेंज गेली, आमेन ऐकू आलं नाही.

तेव्हापासून विचारायचं काम त्यानं घेतलं.

कोरोनाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलंय. मार्च 2020 मध्ये चर्च बंद झालं, त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा रविवार आम्ही घरात मोबाईलसमोर बसून केला, प्रभुभोजन कितीतरी महिने मिळालं नाही. पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये सगळा महाराष्ट्रच खाटांबद्दल बोलायला लागला. कुठं बेड आहे, ऑक्सिजनचा आहे का, किती नंबरचा. ओळखीपाळखीचे लोक रात्री-अपरात्री फोन करायचे. पीपीई घातल्यावर पेशंटला आमचा चेहरा दिसत नव्हता, आम्ही छातीवर मार्करनं नाव लिहायचो. घरी आल्यावर बाहेरच अंघोळ, वेगळ्या खोलीत जेवण, आणि दाराच्या पलीकडून नवऱ्याचा प्रश्न. सात नंबर रिकामी झाली, असं मी सांगायची. तो विचारायचा, रिकामी म्हणजे? घरी गेला असेल तर मी लगेच सांगायची. नाहीतर बोलायची नाही, आणि तो न विचारताच पुढं जायचा.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता पाळकसाहेबांचा अर्धा तास आपल्याला जमणार. जमला. सकाळी उठते, चहा घेते, खुर्ची खिडकीशी ओढते, बायबल उघडते. आणि खरं सांगायचं तर ही माझी सगळ्यात कोरडी वेळ आहे. शांतता आहे, वही आहे, पेनही आहे, पण रात्री सांगायला कोणी नाही. पहिलं वर्षभर माझी प्रार्थना सगळ्या जगाच्या भल्याची झाली होती, सासूबाई असत्या तर त्यांनी मध्येच थांबवलं असतं. मोबाईलवर रोज सकाळी वचनं येतात, मागं सूर्योदय, खाली गुलाब. त्या ग्रुपवर मीही हात जोडल्याचं चित्र पाठवते, न पाठवलं तर लोक फोन करून तब्येत विचारतात. त्यातलं एखादं वचन दिवसभर डोक्यात राहिलं असं मात्र आठवत नाही.

सध्या निभतंय ते काकींमुळे. काकी आता अंथरुणाला खिळल्या आहेत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालल्या नाहीत. त्यांच्या सुनेला कुशीवर वळवायचं तंत्र मी शिकवलं, पाठीला जखम होऊ लागली होती ती ड्रेसिंग करून भरून आणली, आणि आता दिवसातून दोनदा जाते. सून उशाशी बसून णमोकार म्हणते, तेवढ्यात मी पाय चोळते. परवा मी म्हटलं, काकी, बस्ती चुकतेय तुमची. त्या म्हणाल्या, "पाय गेलं, आता मनालाच जावं लागतंय. आळशी हाय ते." रात्री नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी काकींचं नाव घेतलं. काकी माझ्या पेशंट नव्हेत, त्यांचं नाव सांगता येतं.

सुट्टीला नातू आला की प्रार्थनेला बसतो. कोल्हापुरात शिकतो, त्यामुळे पेठेतला फुटबॉल अंगात भिनलाय. खाटेची पद्धत त्याला लहानपणापासून माहीत आहे. गेल्या खेपेला त्याची पाळी आली तेव्हा त्यानं गंभीरपणे दहा नंबरसाठी प्रार्थना केली. आमेन झाल्यावर आजोबांनी विचारलं, कुठल्या दवाखान्यात आहे हा दहा नंबर? तो म्हणाला, दवाखान्यात नाही, आमच्या टीमचा फॉरवर्ड आहे, सामन्यात गुडघा दुखावलाय. आजोबांना हसू आलं, म्हणाले, खेळासाठी कसली प्रार्थना करतोस? मी नातवाला विचारलं, गुडघा सुजलाय का, वळवताना निसटतो का, एमआरआय केला का. त्याला एकही उत्तर देता आलं नाही. म्हटलं, उद्या फोन करून विचार, आणि लिगामेंट असेल तर त्याला सांग, घाई करून मैदानात उतरू नको, सहा महिने तरी जातील.